कूळ आणि कुळवृत्तांत

मराठीत ‘कूळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वंशाचा, घराण्याचा. दुसरा, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या किंवा सावकाराचे देणे लागणाऱ्या माणसाचा. पहिल्या अर्थाच्या कित्येक कुळांचे वृत्तांत छापून निघाले. दुसऱ्या अर्थाचे कूळ कागदावर उमटले ते बहुधा सारा, कर्ज आणि फिर्याद यांच्या निमित्तानेच. एकोणिसाव्या शतकातला आपला शेतकरी पूर्वज शोधणाऱ्याची वाट या दुसऱ्या अर्थातून जाते. ती केवळ इतिहासवाल्यांची मानून आपण मराठीचे अध्यापक मोकळे झालो, ही आमच्या मते चूक आहे.

आमच्यापैकी एकाच्या घरी पूर्वजांची खूण म्हणून उरले आहे ते एक मोडी कर्जखत. खाली खापरपणजोबांची सही नाही. चार रेघांचा नांगर आहे आणि शेजारी खत लिहिणाऱ्याच्या अक्षरात ‘निशाणी नांगर’. शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी, असा तो रिवाज. नावेही अशीच बांधीव : पुरुष ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकाचा मुलगा, बाई ‘अमकी कोम तमुक’, म्हणजे तमुकाची बायको. ‘बिन’मुळे एक पिढी मागे जाता येते. ‘कोम’मुळे येत नाही. ती कोणाची लेक, कोणत्या गावची, हे त्या कागदाला विचारावेसे वाटलेले नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि ते लोण पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. त्यांचा रोख होता कर्जखतांवर. हाती लागली ती त्यांनी जाळली. त्या आगीत कित्येकांच्या नावाचा एकुलता एक लेखी पुरावा गेला असेल. शोधकाला याची हळहळ वाटते, हे कबूल. पण ती आपल्या सोयीची हळहळ आहे. ज्याच्या गळ्याला ते खत होते त्याची नव्हे. पुढे १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर करण्याची तरतूद केली. म्हणजे नांगराची निशाणी सरकारदरबारी पोहोचली तीही कर्जाचेच बोट धरून. लेखणीवाल्यांनी निरक्षर कुणब्याला कसे नाडले हे सांगणारा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा. तो आपण वर्गात आवेशाने शिकवतो. ती लेखणी चाललेला एखादा कागद मात्र विद्यार्थ्यांपुढे ठेवत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. प्रमाणपत्राची गरज खरी आहे. तिला आम्ही कमी लेखत नाही. पण हा शोध एका शब्दापाशी थांबतो. ‘कुणबी’ सापडले की दप्तर मिटते. त्याच पानावर कर्ज किती, मुदत काय, साक्षीला कोण, हे असते; ते वाचायला भाषेचा माणूस लागतो. एम.ए. मराठीला मोडीचे निदान एक सत्र सक्तीचे असावे, असे आम्हांला वाटते ते यासाठी.

आमच्या त्या खतात गहाण काय आहे, हे आम्हांला फार उशिरा लागले : बैलजोडी. खाली निशाणी नांगराची.

खापरपणजीचे नाव अजून मिळालेले नाही. दिवाळीच्या सुटीत त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्या पाहायच्या आहेत. दोघांनी मिळून यात्रा केली असेल, तर कदाचित तिथे असेल.