तणसावर युरियाची प्रक्रिया व वायूचा हिशेब

भंडारा, गोंदिया आणि आपल्या नागपूर जिल्ह्यांतील रामटेक, मौदा या भागांत धानाची मळणी झाली म्हणजे तणसाचे ढीग उभे राहतात. कांहीं तणस गोठ्यांत जातें, कांहीं शेतांतच जाळलें जातें. गोठ्यांत गेलेल्या तणसानें पोट भरतें, पण जनावर भरत नाहीं.

कारण असें कीं, तणसांत प्रथिन शेंकडा तीन-चारच असतें व त्याचे तंतु लिग्निन नांवाच्या कठीण द्रव्यानें जखडलेले असतात. पहिल्या पोटांतील जीवाणूंस पुरेसें नत्र न मिळाल्यानें चारा तेथें रेंगाळतो. शिवाय चाऱ्यांतील शक्तीचा शेंकडा २ ते १२ इतका अंश मिथेन वायु होऊन ढेकरांवाटे निघून जातो. हाच वायु पृथ्वीची उष्णता वाढवितो.

उपाय स्वस्त आहे. ४ किलो युरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून १०० किलो वाळलेल्या तणसावर थराथरानें शिंपावा, ढीग दाबून ताडपत्रीनें हवाबंद करावा व तीन आठवडे उघडूं नये. युरियापासून झालेला अमोनिया तंतूंचीं बंधनें सैल करितो व प्रथिनाचें मान जवळजवळ दुप्पट होतें. उग्र वास गेल्यावरच चारा थोडा थोडा वाढवीत द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांस देऊं नये. युरिया नुसता पाण्यांतून पाजणें म्हणजे विष घालणें होय.

यावर आक्षेप असा कीं, चारा रुचकर झाल्यावर जनावर अधिक खातें व वायुहि अधिक सोडूं शकतें. हें खरें आहे. तें झांकून ठेवूं नये. परंतु महसुली दफ्तरांत आयुष्य गेल्यामुळें मला इतकें कळतें कीं, भाजक चुकला म्हणजे सारा हिशेब चुकतो. आटलेली गाय दूध न देतांहि वायु सोडतेच. म्हणून माप दर जनावरामागें न धरतां दर लिटर दुधामागें धरावें. तसें धरल्यास दूध वाढलेल्या गाईचा वायु कमी भरतो. मात्र भाकड जनावरांची संख्या तशीच वाढत राहिली तर हा लाभ लटका ठरेल.

नागपुरांत २००० सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. गवळाऊ गाय व नागपुरी म्हैस या तर आपल्याच भागांतील जाती. गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं तज्ज्ञांच्या सल्ल्यानें निदान एका ढिगाचा प्रयोग करावा आणि दूध व ढेपेचा खर्च रोज वहींत टिपावा. वायु मोजण्याचें यंत्र आपल्यापाशीं नाहीं, दुधाचें माप आहे. येत्या हंगामांत तणसास काडी लावण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें करून पाहावें, अशी विनंति आहे.