बंदराआधी चिखल्याची नोंद हवी

पिंपळे सौदागर म्हटले की आज उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. १९१७ मध्ये मात्र हे गाव एका पुस्तकाचा विषय झाले होते. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पण त्यांनी तिथल्या जमिनी, कर्जे आणि घरोघरचा जमाखर्च तपासला. १७७१ मध्ये दर खातेदारामागे सरासरी ४० एकरांची असलेली जमीन १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे त्यातून दिसले. गाव शहराने गिळले, पण त्याआधी तिथली माणसे कशी जगत होती हे सांगता येते ते या नोंदींमुळे.

अशी नोंद आज डहाणूच्या किनाऱ्याला हवी आहे, आणि तातडीने हवी आहे.

याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटी रुपयांवर आहे. समर्थक रोजगाराचे आकडे सांगतात, मच्छीमार उपजीविका जाईल म्हणतात. हा वाद पंधरा वर्षांनी तपासायचा तर आजची स्थिती कुठेतरी लिहिलेली असली पाहिजे. डहाणूच्या उत्तरेला असलेल्या चिखल्यासारख्या गावात चिकूच्या वाडीवरची मजुरी किती, ती वर्षातून किती दिवस मिळते? तालुक्यातले किती आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, किती जण वीटभट्टीवर? घरात बसून डायमेकिंग, म्हणजे दागिन्यांचे साचे करणाऱ्या बाईच्या हाती काय पडते? जमीन संपादनाच्या कागदांत याची उत्तरे सापडत नाहीत.

या कामाची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी केली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून सोलापूरचे शिरापूर, अकोल्याचे कान्झरा अशा गावांत पाहणीदार मुक्कामाला ठेवले. तेच आकडे वापरून अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ च्या निबंधात दाखवले की या गावांत एका घराचे उत्पन्न घटले तरी त्या मानाने त्याचा खाण्यापिण्याचा खर्च फारसा घटत नाही. संकटाचा बराचसा भार गाव वाटून घेते. जगभरचे विद्यार्थी हा निबंध वाचतात. त्याचा पाया घातला तो मात्र वर्षानुवर्षे गावात राहून वह्या भरणाऱ्या पाहणीदारांनी.

आजच्या तरुण प्राध्यापकाला असा धीर परवडत नाही. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. दहा वर्षांनी फळ देणारी पाहणी हाती घेणे म्हणजे स्वतःची नोकरी पणाला लावणे. दोष त्या प्राध्यापकाचा नाही, विद्यापीठांनी घालून दिलेल्या मोजमापाचा आहे. गावपाहणीची मूळ माहिती गोळा करून ती सर्वांसाठी खुली करणे, हे निबंधाइतकेच मोठे संशोधन मानले गेले पाहिजे.

पैशांची अडचण सांगू नये. बंदराच्या खर्चातला नगण्य हिस्सा पुरेल. मात्र पाहणी बंदर उभारणाऱ्यांच्या हाताखाली नको, मुंबई-पुण्याच्या अर्थशास्त्र संस्थांकडे हवी. पाहणीदार बोर्डी-डहाणूच्या महाविद्यालयांतून निवडावेत, वारली बोलणारे आणि कोळीवाड्यात वाढलेले. पहिली फेरी पावसाळ्यात घ्यावी, कारण मासेमारी बंद असते तेव्हा कर्ज कुठून येते हे तेव्हाच कळते.