मेंदूला बसलेला मुका मार

"डॉक्टर, सीटी स्कॅन नॉर्मल आलाय. मग रविवारच्या मॅचला पाठवू ना?"

कबड्डीत डोक्यावर आपटलेल्या मुलाचे वडील हा प्रश्न विचारतात. दुचाकीवरून घसरलेला तरुण "उद्यापासून कामावर जाऊ का?" असं विचारतो. प्रश्न एकच असतो: रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे काही झालंच नाही ना? अशा वेळी मला सिडनी क्रॉस्बी आठवतो.

क्रॉस्बी हा कॅनडाचा आइस हॉकीपटू. तो सेंटर, म्हणजे आघाडीच्या तीन खेळाडूंपैकी मधल्या जागेवर खेळतो. २००५ साली तो अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पेंग्विन्स संघात आला आणि एकोणिसाव्या वर्षी कर्णधार झाला. २००९ मध्ये संघाने स्टॅनले कप जिंकला. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यातला विजयी गोल त्याचाच. २०१०-११च्या हंगामात ४१ सामन्यांत त्याचे ३२ गोल झाले होते आणि वय होतं फक्त २३.

१ जानेवारी २०११ रोजी एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा खांदा त्याच्या डोक्यावर आदळला. तो कोसळला, उठला आणि त्याच सामन्यात पुन्हा खेळला. चारच दिवसांनी, ५ जानेवारीला, पुढच्या सामन्यात त्याला मागून धक्का बसला आणि तो कठड्यावर आपटला. दुसऱ्या दिवशी निदान झालं: कन्कशन. आठवडाभरात परतेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात तो साडेदहा महिने मैदानाबाहेर राहिला.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. एसटीने करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते, पण आतले प्रवासी पुढे फेकले जातात. डोक्याला जोराचा धक्का बसला की कवटीच्या आत मेंदूचं तसंच होतं. कवटी शाबूत राहते, पण मेंदूच्या पेशींचं काम काही काळ विस्कळीत होतं. डोकं दुखतं, गरगरतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. बेशुद्ध न पडताही हे होऊ शकतं. सीटी स्कॅन आम्ही करतो तो रक्तस्राव किंवा हाड मोडलंय का हे बघायला. पेशींचं बिघडलेलं काम त्यात दिसत नाही. म्हणून कन्कशनमध्ये सीटी बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. हेल्मेटचंही तसंच. ते कवटी वाचवतं, जीव वाचवतं, म्हणून घालायलाच हवं. पण हा आतला हादरा ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. क्रॉस्बीच्या डोक्यावरही हेल्मेट होतं.

२१ नोव्हेंबर २०११ रोजी तो परतला आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. सगळे म्हणाले, आता बरा झाला. पण आठ सामन्यांनंतर त्रास पुन्हा सुरू झाला आणि तो मार्च २०१२ पर्यंत बाहेर बसला. 'बरं वाटतंय' आणि 'बरा झालोय' यात किती अंतर असतं, ते इथे दिसतं.

"पण तो पुढे खेळलाच ना?" असं कोणी म्हणेल. हो, खेळला. २०१४ला कर्णधार म्हणून ऑलिंपिक सुवर्ण, २०१६ आणि २०१७ला पुन्हा स्टॅनले कप. माझ्या मते, ही कारकीर्द वाचली ती तेव्हा महिनोन्‌महिने थांबण्याची तयारी दाखवल्यामुळे. २०१७च्या मे महिन्यात पुन्हा कन्कशन झालं, तेव्हा मात्र तो एकच सामना चुकवून परतला. तो कित्ता आपल्या मुलांनी गिरवू नये. त्याच्या दिमतीला तज्ज्ञांची फौज होती, आपल्या मुलांजवळ ती नसते. शिवाय प्रत्येकाचं नशीब सारखं नसतं. बॉस्टनचा सेंटर मार्क सावार्ड २०१०च्या मार्चमधल्या कन्कशनमधून परतला होता. २२ जानेवारी २०११ रोजी त्याला पुन्हा मार बसला. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. वय होतं ३३.

म्हणून माझं ठाम मत आहे की मैदानात परतायचा निर्णय खेळाडूने घेऊ नये, प्रशिक्षकाने नाही आणि आई-वडिलांनीही नाही. ज्याला सामन्याची घाई आहे, त्याच्याकडे हा निर्णय नको. ही व्यावसायिक लीगसुद्धा हे उशिराच शिकली. कन्कशनची शंका आलेल्या खेळाडूला बाकावरून उठवून, शांत खोलीत नेऊन डॉक्टरांनीच तपासायचं, हा नियम मार्च २०११ मध्ये आला.

आपण काय करायचं? डोक्याला मार लागून वर सांगितलेलं एकही लक्षण दिसलं, तर त्या दिवशी खेळ बंद. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल आणि टीव्ही कमीत कमी. दिवसेंदिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायची मात्र गरज नाही. मग थोडं चालणं, थोडा अभ्यास, हलका सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्या. त्रास वाढला तर एक पायरी मागे या. धक्काबुक्कीचा खेळ सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच.

पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका, बरळणं, जागं करूनही न उठणं, हातापायात कमजोरी, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर सीटी आधी नॉर्मल आला असला तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साध्या माराकडेही दुर्लक्ष करू नका.

त्या वडिलांना मी सांगतो, रविवारची मॅच जाऊ द्या. मुलाला डोकं दुखतंय का हे विचाराच, पण तो "नाही" म्हणाला की तेवढ्यावर थांबू नका. खेळायची हौस असलेला मुलगा "नाही" असंच म्हणणार. त्याची झोप, त्याचा अभ्यास आणि त्याची चिडचिड बघा, आणि ते मला येऊन सांगा.