घाम येतो, पण वाळत नाही!

जपानच्या गुन्मा प्रांतातील इसेसाकी शहरात ५ ऑगस्ट २०२५ रोजी पारा ४१.८ अंशांवर गेला. त्या देशातला तो तोवरचा उच्चांक. चंद्रपूर-नागपूरच्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. मात्र जपानचा उन्हाळा विदर्भासारखा कोरडा नसतो. पॅसिफिकवरून येणाऱ्या दमट हवेमुळे तो मुंबईच्या उकाड्याला अधिक जवळचा. अंगावरून घामाच्या धारा लागतात, पण घाम वाळत नाही. आणि शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, तो वाळल्याने.

म्हणूनच तिथे इशारा नुसत्या तापमानावर दिला जात नाही. त्यासाठी ‘डब्ल्यूबीजीटी’ हा निर्देशांक वापरतात. त्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाच्या नोंदीला ७० टक्के महत्त्व असते, ऊन आणि धग टिपणाऱ्या काळ्या गोळ्याच्या नोंदीला २० टक्के आणि आपण रोज ऐकतो त्या तापमानाला अवघे १० टक्के! हा निर्देशांक ३३ वर जाणार असे दिसले की उष्माघाताचा इशारा निघतो. २०२१ पासून ही पद्धत देशभर आहे. १ जून २०२५ पासून तर मालकांवरही कायद्याने जबाबदारी आली. निर्देशांक २८ किंवा तापमान ३१ अंश झाले आणि काम तासाभराहून अधिक चालणार असेल, तर कामगाराला त्रास झाल्यास कुणाला कळवायचे, त्याचे अंग कसे थंड करायचे, हे आधीच ठरलेले हवे. नसेल तर कैद किंवा दंड.

तसे पाहिले तर या उकाड्याचा आनंदही जपानी माणसाने पुरेपूर घेतला आहे. दारात किणकिणणारी फुरिन, किसलेला बर्फ, जवाचा गार चहा ‘मुगिचा’, अंगणातला पाण्याचा सडा. यातला मुगिचा खरोखर कामाचा. त्यात कॅफिन नसते, दिवसभर पिता येतो. फार घाम गेला तर मीठ मात्र वेगळे घ्यावे लागते. सडा सकाळ-संध्याकाळचा बरा, भर दुपारी तापलेल्या डांबरावर टाकला तर हवेतला दमटपणाच वाढतो. फुरिनचा गारवा फक्त कानांना.

कायदा कामाच्या जागेपुरता, घराच्या उंबऱ्याशी तो थांबतो. अडचण नेमकी तिथेच आहे. २०२५ च्या मे ते सप्टेंबरदरम्यान उष्णतेच्या त्रासामुळे लाखभर लोकांना रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत निम्म्याहून अधिक पासष्टी ओलांडलेले, आणि त्रास झाला ते ठिकाण सर्वाधिक वेळा स्वतःचे घर. टोकियोत घरात दगावलेल्या बहुतेकांकडे एसी नव्हता किंवा असून बंद होता. यामागे नुसती काटकसर नाही. वय वाढते तशी उकाड्याची आणि तहानेची जाणीव बोथट होते. ‘मला कुठे उकडतंय?’ असे म्हणणाऱ्या आजी खोटे बोलत नसतात. त्यात २००५ पासूनच्या ‘कूल बिझ’ या ऊर्जाबचत मोहिमेतला २८ अंशांचा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. तो खोलीच्या तापमानासाठी होता, रिमोटवरच्या आकड्यासाठी नव्हे!

झोपताना टायमर लावून दोन-तीन तासांनी एसी बंद होऊ देण्याची सवयही तिथे जुनी आहे. आता रात्रीही पारा २५ अंशांखाली उतरत नाही आणि दिवसभर तापलेल्या भिंती धग सोडत राहतात. अशा रात्री एसी सकाळपर्यंत चालूच ठेवा, असे तिथले डॉक्टर सांगू लागले आहेत.