जुन्या मोटारी आणि काळे झालेले हात

जुने ते सोने, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. अमेरिकेतील हौशी लोकांना हे सोने जुन्या मोटारींत सापडते. १९४० ते १९६० च्या काळात तेथील तरुणांनी घरच्या घरी रूप पालटलेल्या मोटारी आज प्रदर्शनांत झळकतात आणि श्रीमंत शौकीन त्यांना भारी किंमत मोजतात. "गेले ते दिवस!" ही हळहळ खोटी नाही, परंतु ती भलत्याच गोष्टीसाठी आहे, असे मला वाटते.

या छंदाचा जन्म श्रीमंतीत झालेला नाही. फोर्डने १९३२ साली आठ सिलिंडरांचे इंजिन स्वस्त मोटारीत आणले. १९४५ साली महायुद्ध संपले, तेव्हा सैन्यात यंत्रे हाताळायला शिकलेले तरुण कॅलिफोर्नियात परतले. त्यांनी जुन्या फोर्ड स्वस्तात घेतल्या, मडगार्ड काढले, छत कापून खाली आणले, इंजिनाची ताकद वाढवली. हीच ती 'हॉट रॉड'. भर रस्त्यात जीवघेण्या शर्यतीही लागत, हे विसरून चालणार नाही. त्या धावपट्टीवर नेण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये संघटना स्थापन केली.

लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या तरुणांची तऱ्हा निराळी. त्यांनी शेवरोलेसारख्या जुन्या गाड्या जमिनीलगत खाली आणल्या आणि त्या मिरवत, अगदी सावकाश हाकल्या. या 'लोरायडर' गाड्या सरकारला खुपल्या. चाकाच्या लोखंडी कड्यापेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नको, असा कायदा १९५८ पासून लागू झाला. पुढच्या वर्षी रॉन अगिरे याने विमानातील हायड्रॉलिक पंप वापरून गाडी हवी तेव्हा वरखाली करण्याची युक्ती काढली! ती बंदी उठायला १ जानेवारी २०२४ उजाडावे लागले.

ज्या समाजाला शहरात मान नव्हता, त्याने तो मान स्वतःच्या हातांनी घडवून रस्त्यावर आणला. जतन करायचे असेल तर ते हे!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील शेतीपंप दुरुस्त करतात. आवाजावरून ते बिघाड ओळखतात; पण या ज्ञानाला कोणी विद्या म्हणत नाही. जुन्या मोटारीच्या फोटोला दाद देणारा सुशिक्षित माणूस काळ्या हातांच्या माणसाला "अरे-तुरे" करतो, ही विसंगती आपल्याला कधी टोचते का?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीतील फेरफारांवर बंधन घातले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. रस्त्यावरील जीव मोलाचा आहे, तेव्हा याबद्दल तक्रार नाही. मागणे एवढेच, की यंत्र उघडून पाहण्याची जिज्ञासा कायद्याच्या भीतीने मरू नये आणि ती जपणाऱ्या हातांना पदवीइतकाच मान मिळावा. तो मिळेल, तेव्हा गेलेल्या दिवसांसाठी हळहळण्याचे कारण उरणार नाही.