परदेशातही ‘तुम्ही कुठल्या राज्याचे?’

सीमाभागातील मुले आता शिक्षणासाठी जर्मनी, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला जाऊ लागली आहेत. तेथे भेटणारा दुसरा भारतीय विचारतो, ‘कुठल्या राज्याचे?’ १९५६ पासून आपल्याला टोचणारा हा प्रश्न विमानातूनही पाठीशी येतो! पासपोर्टवर कर्नाटक, तोंडात मराठी. मग कन्नड मंडळींच्या युगादीला जावे की मराठी मंडळाच्या पाडव्याला? (सण एकच, दिवसही एकच.) आमच्या मते दोन्हीकडे जावे. कन्नड येते ही बेळगाव-खानापूरच्या मुलाची कमाई आहे, ती लपवू नये. आणि मराठी म्हणवून घ्यायला राज्याचा दाखला लागत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, महाराष्ट्र राज्याहून २८ वर्षांनी थोरले!

आम्हाला काळजी आहे ती वेगळीच. ही मुले घरी मोबाईलवर मराठी निरोप धाडतात ते इंग्रजी अक्षरांत, आणि आईबापही तशीच उत्तरे देतात. मराठी पाट्यांसाठी, मराठी परिपत्रकांसाठी ज्यांनी मोर्चे काढले, त्यांच्याच घरातून देवनागरी अशी मुकाट्याने जावी? परक्या मुलखात पोराला आपले म्हणायला घरचे अक्षर तरी हवे. आजचे उत्तर पालकांनी मराठी अक्षरांत लिहावे. जमले नाही तर शेजारच्या शाळकरी पोराला विचारावे. तो दोन मिनिटांत दाखवील.