मुक्काम गायरान

निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत गेलो, तेव्हा तो आम्हा दोघांना ॲरिझोनातल्या यूमा शहराजवळच्या वाळवंटात घेऊन गेला. मेक्सिकोची सरहद्द तिथून फार लांब नाही. उघड्या माळावर घराएवढ्या मोटारी उभ्या होत्या. आत स्वयंपाकघर, पलंग, न्हाणी. दाराशी आमच्याच वयाची जोडपी ऊन खात बसलेली. थंडी टाळायला उत्तरेकडून आलेली ही पेन्शनर मंडळी. जमीन सरकारी, 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या खात्याची. साधारणपणे एका जागी चौदा दिवस राहायचं, मग मुक्काम हलवायचा. काही ठरावीक जागी मात्र परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, असे सात महिने राहता येतं.

पत्नी म्हणाली, "अहो, हे तर आपल्या घिसाड्यांसारखंच की!"

मी काही बोललो नाही. मला १९९४ साल आठवलं. परभणी जिल्ह्यातल्या एका शाखेत मी कर्जाचे अर्ज बघत असे. गावाबाहेर गायरानात घिसाडी पालं ठोकून उतरले होते. नवरा तापलेलं लोखंड धरी, बायको घण मारी. विळे, खुरपी, कुऱ्हाडी तयार होत. त्यांतला एक जण लोखंड घ्यायला दोन हजार रुपये मागायला आला. 'कायमचा पत्ता' या रकान्याशी माझं बोट थांबलं. तो म्हणाला, "साहेब, बैल सुटतील तिथं आमचा पत्ता. काय लिहू?" मी अर्ज परत केला. आठवड्याभरात गावात चोरी झाली आणि संशयावरून पालं उठवली गेली. चोर पुढे गावातलाच निघाला.

काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१चा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण भटकणाऱ्यावरचा संशय गेला नाही. अमेरिकाही फार वेगळी नाही. सरहद्द ओलांडून कागदांवाचून पायी येणाऱ्या मजुराला त्याच वाळवंटात कोणी चौदा दिवस देत नाही. ज्याच्या मागे पेन्शन आणि पासपोर्ट असतो, त्याचं भटकणं हौस ठरतं. बाकीच्यांचं तो गुन्हा.

तरीही तिथला चौदा दिवसांचा नियम मला घेण्यासारखा वाटतो. गायरानावरची अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावलं, ते योग्यच. पण अतिक्रमण करतो तो ठाण मांडणारा. जाणाऱ्याला जागा दिली तर ती अडत नाही, कारण तो जाणारच असतो. गायरानाच्या एका कोपऱ्यात पाण्याचा नळ, ग्रामपंचायतीची पावती आणि ठरलेले दिवस, एवढं आपल्याला जड का जावं? पावती हाती असली की रात्री पालं उठवायला येणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागेल.

त्या रकान्यात 'मुक्काम गायरान' लिहून तो अर्ज मी वरच्या साहेबांकडे पाठवू शकलो असतो. फार तर तो परत आला असता. मी तेवढंही केलं नाही.